पायाची नस ब्लॉक : बायपास की अँजिओप्लास्टी? (इंदूर)

राजेंद्रनगरकर :
नमस्कार मंडळी. बाबा ७१ चे, शुगर २० वर्षांपासून. बागेत दोन चक्कर मारले की पोटरी भरून यायची, बसले की बरं, आम्ही म्हणायचो वय झालं. आता उजव्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नाहीये, रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवून झोपतात. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) मांडीपासून खाली ब्लॉक निघाला. एक डॉक्टर म्हणतात फुग्याने उघडू (अँजिओप्लास्टी), दोन दिवसांत घरी. दुसरे म्हणतात बायपासच. आई घाबरलीये, आतेभाऊ रोज फोनवर नवा सल्ला देतो. काय करावं?

सुदामानगरची_ताई :
आमच्या काकांची अँजिओप्लास्टी झाली, जांघेत बारीकसं छिद्र, तिसऱ्या दिवशी घरी पोहे खात होते. पण ८ महिन्यांत स्टेंट बंद, परत कॅथलॅब.

मालवी_मराठा :
रोज चालायला लावा, आमच्या आजोबांचं त्यानेच बरं झालं.

जुना_ओटीवाला :
भाऊ, चालण्याचा फायदा होतो पण नुसती पोटरी दुखत असेल तेव्हा, जखम असताना नाही. मी डॉक्टर नाही, व्हॅस्क्युलर ओटीत नोकरी केलीये. आधी एकच विचारा, बाबांच्या पायाची स्वतःची सॅफेनस शीर (पायातली लांब शीर, बायपासमध्ये ब्लॉकला वळसा घालायला तीच जोडतात) चांगली आहे का, सोनोग्राफीने तिचं मॅपिंग होतं. २०२२ ला बेस्ट-सीएलआय ट्रायल आली, बायपास की फुगा याच तुलनेची, १८३० पेशंट, त्यात ज्यांची शीर अखंड चांगली होती त्यांना आधी बायपासच सरस ठरली, म्हणजे पाय कापणं, परत मोठी प्रोसिजर किंवा मृत्यू हे बायपासवाल्यांत ४२.६ टक्के, फुगा-स्टेंटवाल्यांत ५७.४. शीर नव्हती तिथे खास फरक नाही. आणि २०२३ ची बेसिल-२ ट्रायल उलटं सांगून गेली! पण ती गुडघ्याखालच्या ब्लॉकची, ३४५ पेशंट, तिथे फुगा बरा. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अजून एक, शुगरवाल्यांत नळी कॅल्शियमने कडक होते, दबत नाही, म्हणून घोट्याचं प्रेशर खोटं चांगलं येतं, अंगठ्याचं घ्यायला सांगा. आणि लवकर ठरवा हो, काळं पडायची वाट बघू नका.

राजेंद्रनगरकर :
अहो, बाबांची २०१४ मध्ये हार्टची बायपास झाली, तेव्हा उजव्या पायातलीच शीर काढली होती, आणि हे आम्ही दोन्ही डॉक्टरांना सांगितलंच नाही!! आत्ता फोन केला. डाव्या पायाचं मॅपिंग उद्या सकाळी ९ ला.