मदत हवी आहे: कयाकवर फिश फाइंडर सारखा बंद पडतोय (बॅटरी फुल आहे!)

खाडीवेडा
मंडळी, तातडीचं आहे. कयाकवर फिश फाइंडर (पाण्याचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) बसवलाय. घरी मस्त चालतो. पाण्यात नेला की थोड्या वेळाने स्क्रीन काळी. परत चालू केला की कंपनीचं चिन्ह येतं, तळ दिसायला लागतो आणि पुन्हा काळोख. बॅटरी फुल चार्ज करून नेतो, म्हणजे बॅटरीचा प्रश्न नाही. शनिवारी भांगाचं पाणी आहे (भरती-ओहोटीचा जोर कमी), जायचंच आहे. नक्की काय बदलू ते एका ओळीत सांगा. लांबलचक नको.

चौकस
सेट कुठला? बॅटरी कुठली, किती एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठा)? वायरिंग कसं केलंय? फोटो टाका.

खाडीवेडा
12 व्होल्टचीच आहे हो. सेट 4 इंची. वायरिंग म्हणजे लाल लालला, काळी काळीला, त्यात काय सांगायचं?

मीटरभाऊ
12 व्होल्ट स्कूटरचीही असते आणि ट्रॅक्टरचीही. तुमची कसली?

खाडीवेडा
फवारणी पंपातली काढलीय, 12 व्होल्ट 8 एएच. मोहोर येईपर्यंत पंप पडूनच असतो. चार्जरही पंपाचाच.

अबुधाबीकर
सापडलं उत्तर. ती बॅटरी भंगारात द्या आणि लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. 3.2 व्होल्टचे 4 सेल, म्हणजे 12.8. वजन तुमच्या लेडवाल्या (शिशाच्या) बॅटरीच्या निम्म्याहून कमी, आणि व्होल्टेज अगदी संपत येईपर्यंत फारसं उतरत नाही. आम्ही इकडे खारफुटीत शुक्रवारी पहाटे निघतो, दुपारपर्यंत सेट चालू असतो, कधी तक्रार नाही.

आंबेवाला
भंगारात काय द्या! हिशोब करा आधी. 4 इंची सेट साधारण अर्धा अँपिअर खातो. 8 एएचमधले निम्मेच वापरायचे धरले तरी 8 तास. लेड पुरून उरते. घरात असलेली वस्तू टाकून कितीतरी पट पैसे कशाला घालायचे?

अबुधाबीकर
हिशोब नव्या बॅटरीचा झाला. पंपवाले पंप बंद पडेपर्यंत बॅटरी पिळतात आणि तशीच आठ दिवस कोपऱ्यात ठेवतात. लेडच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. वर 8 छापलेलं असतं, आत 3 उरलेले असतात.

आंबेवाला
हे मान्य. माझ्याकडे तशा दोन पडल्यात. पण यांची तशीच झालीय हे तुम्हाला अबुधाबीतून कसं दिसलं?

गॅजेटगुरू
एवढी भानगड कशाला? मोबाइलची पॉवरबँक घ्या, 5 चे 12 करणारी यूएसबी केबल मिळते, ती लावा. काम झालं.

मीटरभाऊ
त्या केबलमधला कन्व्हर्टर सेटच्या स्क्रीनवर रेघोट्या आणतो, मासा की कचरा कळत नाही. शिवाय लोड कमी वाटला तर बऱ्याच पॉवरबँका आपोआप झोपतात. खाडीवेडा, घरी किती वेळ चालवून बघितलात? ब्राइटनेस किती होता?

खाडीवेडा
पाचेक मिनिटं. ब्राइटनेस घरी कमीच असतो, पाण्यावर उन्हात फुल करावा लागतो. पण बॅटरी फुल आहे हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

जुनं सुकाणू
फिश फाइंडर हवाच कशाला? दोरीला शिसं बांधा, बुडाला साबण चोपडा आणि सोडा. किती हात पाणी ते कळतं, आणि साबणाला वाळू चिकटून आली की चिखल हेही कळतं. जिताडा मासा खडपाला नाहीतर पुलाच्या खांबाला असतो, त्याला कुठली बॅटरी लागते?

चौकस
आजोबा, पद्धत छान आहे, पण प्रश्न वायरिंगचा आहे. खाडीवेडा, कुठली खाडी?

खाडीवेडा
दाभोळची. कधी वर गोवळकोटपर्यंत जातो.

पुणेरी वल्हं
गोवळकोट?? अहो, वाशिष्ठीत मगरी आहेत! चिपळूणच्या बाजूला उन्हं खायला काठावर पडलेल्या असतात. त्या एवढ्याशा कयाकवर जाता?

खाडीवेडा
माहीत आहे. त्यांच्या वाटेला जात नाही. वायरिंगचं बोला.

नियमात राहा
1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते हे लक्षात असू द्या. दंड होतो.

आंबेवाला
साहेब, ऑक्टोबर चालू आहे. आणि बंदी यांत्रिकी नौकांना असते, हा माणूस वल्ही मारतोय.

नियमात राहा
माहिती म्हणून सांगितलं.

वायरीवाला
वायर बारीक असणार. 4 एमएमची जाड वायर टाका, डोळे झाकून. मी सोलरची कामं करतो, 90 टक्के तक्रारी बारीक वायरीच्या.

मीटरभाऊ
सोलरला बरोबर, तिथे 10-20 अँपिअर वाहतात. इथे अर्धा. अर्धा चौरस मिमीची साधी वायर धरली आणि जाऊन-येऊन 6 मीटर मोजली तरी सव्वा दशांश व्होल्टसुद्धा पडत नाही. त्याने सेट बंद पडणार नाही. 4 एमएम टाकली तर कयाकचं वजन तेवढं वाढेल.

वायरीवाला
मग तुम्हीच सांगा की दोष कुठाय.

मीटरभाऊ
जोडात. पण अंदाजाने सांगत नाही, मोजायला सांगतो. खाडीवेडा, मल्टिमीटर आहे ना? ट्रान्सड्यूसर (सेटचा पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी टिपणारा भाग) पाण्याच्या बादलीत सोडा, ब्राइटनेस फुल ठेवा, सेट पाऊण तास चालू द्या. चालू असतानाच मोजायचं, बंद सेटवर घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. मीटर डीसी 20 वर. आधी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. मग सेटच्या मागे, नाहीतर सेटच्याच स्क्रीनवर व्होल्टेज दिसायची सोय असेल तर ते. दोन्ही आकडे इथे टाका. फ्यूज आहे का, कुठे आहे?

खाडीवेडा
फ्यूज आहेच की, तो काय सांगायचा असतो? काचेचा, गोल होल्डरमधला. लाल वायरीत, सीटच्या बाजूला. फोटो टाकलाय. मोजून संध्याकाळी सांगतो.

वायरमन दापोली
फोटो मोठा करून पाहिला. दोन गोष्टी. सेटच्या केबलमधून निळी आणि तपकिरी वायरपण येतेय, आणि त्या काळीबरोबर पीळ मारून टेप केलेल्या दिसतात. अशा सेटमध्ये त्या बहुतेक डेटाच्या असतात, दुसऱ्या यंत्राला जोडायच्या. माहितीपुस्तकात रंग दिलेले असतील, बघून घ्या. वापरायच्या नसतील तर सोडवून प्रत्येकीला वेगळी हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) घाला. दुसरं, नुसता पीळ मारून टेप हा जोड खाऱ्या हवेत टिकत नाही. सोल्डर करा आणि आत गोंद असलेली स्लीव्ह घाला. तांब्याची वायर आतून हिरवी होत जाते, वरून टेप चकचकीत दिसतो.

खाडीवेडा
मोजलं. बॅटरीवर 12.3. सेटच्या स्क्रीनवर 10.1, खालीवर होतंय.

मीटरभाऊ
बघा, बॅटरी शुद्ध आहे. 2.2 व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. आता सेट चालूच ठेवा. मीटरची एक काडी फ्यूज होल्डरच्या बॅटरीकडच्या बाजूला, दुसरी सेटकडच्या बाजूला. चांगल्या होल्डरवर जवळजवळ शून्य यायला पाहिजे.

खाडीवेडा
1.9.

मीटरभाऊ
मिळाला चोर. आतली स्प्रिंग खाऱ्या पाण्याने गंजली असणार. उरलेले 0.3 टेपच्या जोडांतले. घरी कमी ब्राइटनेसला सेट कमी करंट ओढतो म्हणून निभतं. पाण्यावर ब्राइटनेस फुल, करंट वाढतो, होल्डर आणखी व्होल्टेज खातो, सेट तेवढीच पॉवर मिळवायला आणखी करंट ओढतो. वर वल्ह्याचे हिसके आहेतच. सेटच्या किमान व्होल्टेजच्या खाली गेलं की स्क्रीन काळी.

गॅजेटगुरू
मग फ्यूजच काढून टाका, डायरेक्ट जोडा. अर्ध्या अँपिअरला फ्यूज कशाला?

वायरमन दापोली
असं सांगू नका कुणाला. सेट अर्धा अँपिअर घेतो, पण शॉर्ट झालं तर 8 एएचची बॅटरी वायर लाल करून सोडते, आणि ते बंद पोटाच्या प्लास्टिकच्या कयाकमध्ये, किनारा लांब असताना. फ्यूज सेटपेक्षा वायरीसाठी असतो. म्हणून तो सीटजवळ नाही, बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून हवा. मध्ये कुठे लावला तर बॅटरी ते फ्यूज एवढी वायर उघडीच राहते.

खाडीवेडा
मग कुठला लावू? एका ओळीत.

वायरमन दापोली
गाड्यांच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात रबरी झाकणाचा ब्लेड फ्यूजचा होल्डर मिळतो, फ्यूज सेटच्या पुस्तकात लिहिलाय तेवढाच (छोट्या सेटना बहुधा 3 अँपिअर), टर्मिनलला थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) मारून घट्ट, वर ग्रीस. ही एकच ओळ आहे, मोजून घ्या.

अबुधाबीकर
तरीही लिथियम घ्याच. वजनाचा फरक उलटताना कळतो.

आंबेवाला
उलटताना बॅटरी बांधलेली आहे का ते कळतं. दोन किलोचा ठोकळा सुटा असेल तर कुठलीही असो. खाडीवेडा, बॅटरी ठेवलीय कशात?

खाडीवेडा
झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सीटच्या मागे, पट्ट्याने आवळून. वायर बाहेर काढायला भोक पाडून ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) बसवलाय.

वायरमन दापोली
उत्तम. फक्त चार्ज करताना झाकण उघडं ठेवा. सीलबंद म्हणतात तरी जास्त चार्ज झाली तर लेडची बॅटरी हायड्रोजन सोडते.

जुनं सुकाणू
शिशाला चार्जिंग लागत नाही.

खाडीवेडा
होल्डर बदलला, बॅटरीजवळ घेतला. निळी-तपकिरी सोडवून स्लीव्ह घातली, बाकी जोड सोल्डर केले. संध्याकाळभर बादलीत चालू होता, फुल ब्राइटनेस, एकदाही बंद नाही. स्क्रीनवर 12.1. मीटरभाऊ, वायरमन, आभार. शनिवारी निघतो.

अबुधाबीकर
पुढेमागे लिथियम घेतलीत तर पंपाचा चार्जर तिला लावू नका, तिचा 14.6 व्होल्टवाला वेगळा येतो. एवढंच सांगतो आणि थांबतो.

पुणेरी वल्हं
मी मुळशीला कयाक नेतो, मलाही बसवायचाय. ट्रान्सड्यूसर कुठे लावलात? भोक पाडावं लागतं का?

खाडीवेडा
नाही पाडलं. आतून तळाला चिकटवलाय, प्लास्टिकमधून दिसतं व्यवस्थित. फक्त पाण्याचं तापमान फार जास्त दाखवतो, त्याचं काय करू?

मीटरभाऊ
काही नाही. ते पाण्याचं नाही, कयाकच्या पोटातलं तापमान आहे. वल्हंसाहेब, चिकटवताना मध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर तळ दिसणार नाही आणि इथे नवीन धागा येईल.