मदत हवी आहे: बोटीचं इंजिन, बटण दाबलं की नुसतं 'टक'

मंडळी, बोटीच्या वायरिंगमध्ये हात काळे केलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे.

शिडाची बोट आहे, आम्ही चौघांनी मिळून घेतलेली. गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली) असते. इंजिन दोन सिलिंडरचं जुनं डिझेल, ग्लो प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे) नाहीत. पावसाळ्यात बोट वर घेतली होती, ऑक्टोबरात पाण्यात उतरवली आणि तेव्हापासून हा ताप. किल्ली फिरवली की पॅनेलचे दिवे लागतात, ऑइलचा बझर कोकलतो, पण स्टार्टचं बटण दाबलं की नुसतं 'टक'. कधी तेवढंही नाही. दाबत राहिलं तर मध्येच सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरतो आणि इंजिन लगेच धरतं. म्हणजे डिझेलची किंवा हवेची तक्रार नाही.

बॅटरी सकाळी १२.७ व्होल्ट दाखवते, बटण दाबून धरलं तरी फारशी उतरत नाही. टर्मिनलं घासून झाली. सेल्फच्या जाड बोल्टवरून सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) बारीक वायरीच्या टर्मिनलला स्क्रूड्रायव्हर टेकवला, की मात्र दरवेळी झटक्यात फिरतो.

मेकॅनिक म्हणतो, सेल्फच बदला. भाव ऐकून आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघतोय. सकाळी वारा पडलेला असताना लाँचांच्या गर्दीत इंजिनाशिवाय मुरिंग सोडायची छाती होत नाही. पुढे काय तपासू?

प्रतिसाद: सेल्फला हात लावू नका. स्क्रूड्रायव्हरने फिरतो म्हणजे बॅटरी, जाड केबल, अर्थ आणि सेल्फ सगळे सुटले. चोर बारीक वायरीत आहे. मीटरची काळी पिन इंजिन ब्लॉकला, लाल पिन सोलेनॉइडच्या त्या बारीक टर्मिनलला लावा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. दाबलेलं असतानाच वाचायचं. एरवीच्या आकड्याला काही अर्थ नाही.

धागाकर्ता: धन्यवाद दादा. आज मोजलं. बटण दाबलं की तिथे जेमतेम ८ व्होल्ट! इंजिनाजवळचा प्लग उघडला तर पिना हिरव्यागार. घासल्यावर १० च्या वर गेलं, सेल्फही फिरला. एवढ्यावर भागेल का?

प्रतिसाद: हा हिवाळा निघेल, पुढचा नाही. सोलेनॉइड आत खेचताना क्षणभर वीस-तीस अँपिअर सहज मागतो. तो करंट इंजिनापासून कॉकपिटच्या पॅनेलपर्यंत, किल्लीतून, बटणातून आणि परत एवढी यात्रा करतो, तीही बारीक वायरीतून. एक वायर सोलून बघा, खाऱ्या हवेने आतलं तांबं काळं पडलेलं असेल.

गाडीच्या हॉर्नचा चार पिनी, ४० अँपिअरचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) आणा. बटणाकडून येणारी वायर ८६ नंबरच्या पिनवर, ८५ अर्थला. सेल्फच्या जाड बोल्टवरून फ्यूज घालून ३० वर, आणि ८७ वरून सोलेनॉइडला. बटणाला मग फक्त रिले ओढायचा, ते काम ८ व्होल्टमध्येही होतं. वायर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या, आणि रिले बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी, जिथे पाणी साचतं) नको, वर कोरड्यात बसवा.

प्रतिसाद: एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंजिन न धरता सेल्फ मारत राहणार असाल तर आधी इंजिन थंड करायला येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. पंप पाणी ढकलतच असतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. मफलर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. मग सेल्फचा भाव स्वस्त वाटेल. इंजिन धरलं की लगेच कॉक उघडा, नाहीतर इंपेलर (पंपातलं रबरी चाक) जळेल. आणि स्क्रूड्रायव्हर टेकवण्याआधी गिअर न्यूट्रलला आहे ना, हे स्वतः बघा.

धागाकर्ता: कॉकचं खरंच डोक्यात नव्हतं, काका. रिले उद्या आणतो. तो ३० कडचा फ्यूज किती अँपिअरचा घालू?

प्रतिसाद: ३० अँपिअरचा घाला. लागलाच तर आकडा वाढवू नका, सोलेनॉइड किती करंट ओढतोय ते मोजा.