घर बदलल्यावर पिंजऱ्यात न जाणारा कुत्रा
राजारामपुरीतील घरी पिंजऱ्यात निवांत झोपणारा आपला कुत्रा कळंब्याच्या नव्या घरात त्याच पिंजऱ्यासमोर अडून बसतो, असे आपण लिहिले आहे. पिंजरा जुनाच असला तरी भोवतीचे वास आणि आवाज बदलले आहेत, त्यामुळे सवय पुन्हा पहिल्यापासून लावावी लागेल. वरील एका प्रतिसादात अंथरूण धुऊन घालण्यास सुचवले आहे. माझ्या मते ते तूर्त मुळीच धुऊ नये, कारण ओळखीचा वास तेवढाच उरला आहे. रात्री घरातील माणसे झोपतात त्या खोलीत पिंजरा ठेवावा, दार हलून अंगावर आपटू नये म्हणून ते उघडे बांधून टाकावे, आणि जेवणाचे भांडे आधी दाराशी ठेवून मग रोज थोडे आत सरकवावे. तो आत शांतपणे खाऊ लागला, की दार क्षणभर लोटून, तो कुरकुरण्यापूर्वीच उघडावे. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून पिंजरा भिंतीपासून थोडा दूर असलेला बरा. शिक्षा म्हणून त्यात कधीही कोंडू नये. सतत लाळ गळणे, धापा टाकणे किंवा गज चावून हिरड्यांतून रक्त येणे असे काही दिसल्यास मात्र सराव तेथेच थांबवून पशुवैद्यकांना दाखवावे.