मदत हवी आहे: सावंतवाडीत कारागिरांचा छोटा मेळा करायचाय, स्टॉलचं भाडं कसं ठरवू?

मंडळी नमस्कार, लांब लिहिणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण ज्यांनी असलं काही केलंय त्यांच्याशिवाय मला कोणी सांगू शकणार नाही.

मी सावंतवाडीची, शाळेत चित्रकला शिकवते. डिसेंबरात एका शनिवार-रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी मिळून मेळा करायचं ठरवतोय. आपल्या जिल्ह्यातले हाताने काम करणारे सगळे एका मांडवात आणायचे. चितार आळीतले लाकडी खेळणी करणारे, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते करणारे, पिंगुळीचे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे चित्रकथीवाले, वेंगुर्ल्याकडच्या काथ्याचं काम करणाऱ्या बायका, बांबूवाले, कुंभार, आणि त्यांच्याच शेजारी घरून काम करणारी नवीन मुलंमुली, क्रोशावाली, टेराकोटाचे दागिने करणारी, हाताने वह्या शिवणारा एक मुलगा आहे तो. एकूण ३० टेबलं, जास्त नको.

हे डोक्यात कसं आलं सांगते. सातवीच्या वर्गात मी गंजिफाचा एक पत्ता नेला होता, गोल, मत्स्यावतार काढलेला, आणि विचारलं हे काय. ३८ पोरांपैकी चौघांनी ओळखलं. ही सगळी पोरं चितार आळीपासून चालत दहा मिनिटांवर राहतात हो. दशावतारी संचात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत. पूर्वी कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ लावून पत्ता कडक करायचे, मग रंग, मग लाख. १९७० च्या सुमारास इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ही कला परत उभी केली, नाहीतर आज आपल्याकडे दाखवायला काही उरलं नसतं. आणि आमच्या पोरांना ते पत्ते आहेत हेच माहीत नाही, याने मला रात्री झोप आली नाही.

दुसरं कारण. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका काकांना घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनाला गेले होते. तीन दिवसांचं भाडं ६००० रुपये, वर जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च. काकांची लाकडी फळं, आंबा, सीताफळ, केळ्याचा फणा, एकेक पीस बघत रहावा असा. आणि बाजूच्याच स्टॉलवर मशीनचा माल, तसाच दिसणारा, तिसऱ्या भागाच्या किमतीत, "हॅन्डमेड" असा बोर्ड लावून. आयोजकांना सांगितलं तर म्हणाले त्यांनीही भाडं भरलंय. तीन दिवसांत काकांची विक्री ४१०० झाली. परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "बाय गो, बघूक सगळे येतत, घेवक कोण नाय." तेव्हापासून मनात आहे की आपण करू तेव्हा असं होऊ द्यायचं नाही.

म्हणून आमची अट एकच ठरलीये, जो टेबल घेईल त्याने तिथे बसून काम करून दाखवायचं. पांगाऱ्याच्या लाकडाचा ठोकळा लेथवर चढतो, घासला जातो, अस्तर लागतं, ते वाळतं, मग रंगाचे हात, मग चकाकी, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की किंमत का आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता अडलंय कुठे तर पैशात. मांडव, टेबलं-खुर्च्या, जागेचं भाडं, तात्पुरती वीजजोडणी, साउंड, सफाई, बॅनर, सगळं धरून ८५ हजारांचा अंदाज आलाय. ३० टेबलांत वाटलं तर प्रत्येकी २८०० च्या वर जातं, आणि जुन्या कारागिरांना ते मी सांगूच शकत नाही. आम्ही असा विचार केला, जुने १६ कारागीर ५०० रुपये, नवीन १० जण २००० आणि खाण्याचे ४ स्टॉल ४००० प्रत्येकी. बेरीज ४४ हजारच होते. ४१ हजारांचं भगदाड उरतं. एक व्यापारी तयार आहेत, चार टेबलं मागतायत आणि टेबलामागे ८००० द्यायला तयार, पण माल बाहेरून आणलेला. मैत्रीण म्हणते घेऊया, एका कोपऱ्यात बसवू, भगदाड जवळजवळ बुजतं. मला पटत नाहीये पण माझ्याकडे दुसरा उपाय पण नाहीये. काय करू? भाडं ऐवजी विक्रीवर टक्केवारी घ्यावी का? आणि नवीन मुलांना जास्त भाडं लावणं बरोबर आहे का, तीही हातानेच करतात ना? कारागिरांना काय काय विचारून घ्यावं तेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी व्यापाऱ्याला नाही म्हणून टाका, विषय संपवा. मी पुण्यात सहा वर्षं मित्रांबरोबर असला बाजार भरवतोय आणि आमची एक चूक हीच झाली होती, पहिल्या वर्षी पैसे कमी पडले म्हणून तीन बाहेरच्या मालाचे स्टॉल घेतले, गर्दी तिकडेच, आणि पुढच्या वर्षी आमच्या चांगल्या कुंभारबाईंनी यायला नकार दिला. तिला परत बोलवायला मला दोन वर्षं लागली. कोपऱ्यात बसवू वगैरे नसतं, गिऱ्हाईक कोपरा बघत नाही, किंमत बघतं.

टक्केवारीच्या भानगडीत पण पडू नका. कोणी किती विकलं हे रात्री विचारत फिरायचं, समोरच्याला वाटतं आपल्यावर विश्वास नाही. भाडं ठरावीक ठेवा, आधी घ्या, पावती द्या. ५०० सुद्धा घ्याच, फुकट दिलेल्या टेबलावरचा माणूस रविवारी दुपारी उठून जातो, अनुभव आहे.

प्रतिसाद २

भगदाडासाठी कार्यशाळा ठेवा ना. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या हातात पोरं आहेत. एक गोल कोरा पत्ता, चार रंग, दीड तास, गंजिफा रंगवणारे काका समोर. २५ पोरांची एक बॅच, दोन दिवसांत चार बॅचेस म्हणजे १०० पोरं, प्रत्येकी २५० घेतले तर २५ हजार. त्यातले दीडशे कारागिराला आणि सामानाला, शंभर मेळ्याला, म्हणजे १० हजार तुमचे आणि १५ हजार त्यांच्याकडे, जे त्यांना विक्रीतून मिळतील की नाही सांगता येत नाही. आणि तुमचा ३८ पैकी चारचा प्रॉब्लेम पण तिथेच सुटतो.

बाकीच्यासाठी नाबार्डच्या, म्हणजे ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेच्या, जिल्हा व्यवस्थापकांना भेटा, ग्रामीण कारागिरांच्या मेळ्यांना ते मदत करतात, पण प्रस्ताव आधी द्यावा लागतो, महिनाभर आधी जाऊन होत नाही. बचतगटाच्या बायका असतील तर उमेदच्या (बचतगटांसाठीचं सरकारी अभियान) तालुका ऑफिसातही बोला.

प्रतिसाद ३

मी कुडाळचा, सध्या मुंबईत. तारीख बघून ठरवा. कार्तिक-मार्गशीर्षात गावोगावी जत्रा असतात, रात्री दशावतार, तुमचे अर्धे कारागीर आणि सगळं गिऱ्हाईक तिकडे. आणि पुढेमागे फेब्रुवारीवर ढकललंत तर आंगणेवाडीची जत्रा कधी आहे ते विचारा, ती तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते त्यामुळे कॅलेंडरवर सापडत नाही. नाताळच्या आधीचा आठवडा मला बरा वाटतो, गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या सुरू झालेल्या असतात, मोती तलावापाशी थांबतात लोक.

पिंगुळीच्या लोकांना नुसतं टेबल देऊ नका हां. चित्रकथी म्हणजे भिंतीवर लावायचं चित्र नव्हे, ती पोथी आहे, एकेक चित्र पुढे करत गोष्ट सांगायची, सोबत वीणा, टाळ आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य. परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. संध्याकाळी त्यांना अर्धा तास नीट द्या, साउंड बंद करून, बसायला सतरंजी टाकून. कळसूत्री बाहुल्याही आणतील, पोरं हलणार नाहीत तिथून. आणि त्याचं मानधन वेगळं द्या, "तुमची जाहिरात होईल" असं कोणाला सांगू नका. रात्री १० नंतर स्पीकर चालत नाही, त्यामुळे कार्यक्रम साडेसात-आठलाच.

प्रतिसाद ४

थोडं व्यवहाराचं. नगरपरिषदेची जागेची परवानगी, पोलीस स्टेशनला अर्ज, महावितरणची तात्पुरती जोडणी, ही तिन्ही कागदपत्रं एका फाईलमध्ये मांडवात ठेवा. खाण्याच्या स्टॉलवाल्यांकडे एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची) नोंदणी आहे ना बघा, आणि त्यांना कागदाच्या नि कापडाच्या टेबलांपासून लांब बसवा, गॅस आणि तेलाचा वास दोन्हीसाठी. आग विझवायचे सिलेंडर मांडववाल्याकडून लिहून घ्या.

डिसेंबरात पाऊस नसला तरी रात्री दंव पडतं. आमच्याकडे एकाची कागदावरची चित्रं सकाळी ओलसर निघाली होती. वरून नुसतं कापड नको, ताडपत्री पाहिजे, आणि रात्री माल ठेवायला कुलपाची एक खोली.

एक टेबल कागदपत्रांच्या मदतीला ठेवता आलं तर बघा. कारागिरांसाठीची केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ व्यवसाय आहेत, खेळणी करणारे, टोपल्या-चटया आणि काथ्यावाले, कुंभार, सुतार असे. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मिळतात. नोंदणी सीएससी केंद्रातून (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र) होते, त्या माणसालाच दोन दिवस बसवा. गंजिफा रंगवणारे त्या यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी हस्तशिल्प विकास आयुक्तांचं पहचान कार्ड, म्हणजे कारागीर असल्याचं ओळखपत्र, आहे, तो अर्ज तिथेच भरून घेता येईल.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस झाले मी सारखी येऊन वाचतेय. व्यापाऱ्यांना काल फोन करून नाही सांगितलं. वाईट वाटलं त्यांना, पण मी सरळ सांगितलं की जो हाताने करतो तोच बसणार.

कार्यशाळेचं गंजिफावाल्या काकांना विचारायला गेले होते. आधी म्हणाले पोरांका काय जमतला, मग स्वतःच आतून जुना पत्ता काढून आणला आणि म्हणाले आधी फक्त किनार शिकवू, नंतर कासव, कूर्म सोपा पडतो. पंधरा जणांच्या वर एका वेळी नको म्हणाले, हात धरून दाखवायला लागतं. त्यामुळे २५ ची बॅच होणार नाही, १५ च्या सहा करू, म्हणजे ९० पोरं आणि मेळ्याला ९ हजार. मला चालेल.

नवीन मुलांचं भाडं २००० वरून १५०० करतोय, त्या बदल्यात प्रत्येकाने एका जुन्या कारागिराच्या शेजारी बसायचं, त्यांचे फोटो काढायचे, किमतीच्या चिठ्ठ्या लिहायच्या आणि क्यूआर कोडचे पैसे आले का ते बघायचं, कारण काकांसारख्यांना फोनवरचा मेसेज वाचता येत नाही. वह्या शिवणारा मुलगा तर गंजिफावाल्या काकांच्या शेजारचंच टेबल मागतोय.

म्हणजे जमा आता ३९ आणि ९ मिळून ४८ हजार, चित्रकथीचं मानधन धरून खर्च ९० होईल. ४२ हजार अजून उभे करायचेत. नाबार्डच्या ऑफिसात सोमवारी जातेय. शाळेने टेबलं फुकट दिली तर १२ हजार खर्चातून कमी होतात, मुख्याध्यापकांशी बोलणं चालू आहे, पण शाळेची १८ च आहेत. बांदा, कुडाळ, वेंगुर्ला या भागात कोणाच्या मंडळाकडे किंवा वाचनालयाकडे घडीची टेबलं असतील आणि दोन दिवस देता येत असतील तर प्लीज इथे लिहा, १२ पाहिजेत, आणायला-पोचवायला टेम्पो आमचा.