वापरलेली ईएन-बी पॅराग्लायडिंग विंग घेतोय, सल्ला कुणाचा मानावा?

रानवारा_पुणे:
नमस्कार मंडळी. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलो, आजवर शाळेच्याच ईएन-ए (सुरक्षा चाचणीतला सगळ्यात सौम्य वर्ग) ग्लायडरवर उडालोय. आता एक वापरलेली ईएन-बी (त्याच्या वरचा वर्ग) मिळतेय. वजनाची रेंज ७५ ते ९५ किलो. हार्नेस, रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट), विंग सगळं धरून माझं वजन ७८ भरतं. विकणारे म्हणतात, "एकदम शांत विंग आहे, डोळे झाकून घ्या." एक मित्र म्हणतो बी इतक्यात नको, दुसरा म्हणतो पुन्हा ए घेणं म्हणजे पैसे वाया. ऑक्टोबरात हिमाचलमधल्या बीरला उडायला जायचंय. कुणाचं ऐकू?

थर्मल_ताई:
ज्याने तुम्हाला टेकऑफ-लँडिंग करताना पाहिलंय त्याचं. म्हणजे आधी तुमचा इन्स्ट्रक्टर. मग हेच मॉडेल, हीच साइज, तुमच्याच आसपासच्या वजनाला उडवणारा कुणी शोधा. ९३ किलोचा पायलट "मस्त आहे" म्हणाला तर ते त्याच्यापुरतं खरं. ७८ ला तुम्ही रेंजच्या तळाशी आहात: विंग थोडी हळू चालणार, ब्रेकला सावकाश ऐकणार आणि खडबडीत हवेत मिटायची शक्यता जास्त.

टेस्ट रिपोर्टही काढा. प्रत्येक मॅन्युव्हर (चाचणीतली हवेतली ठरावीक हालचाल) किमान आणि कमाल अशा दोन्ही वजनांना तपासून त्याला वेगळा शेरा देतात, आणि सगळ्यात कडक शेरा तोच विंगचा वर्ग ठरतो. एखादी विंग एकाच मॅन्युव्हरमुळे बी असते, दुसरी जवळपास सगळ्यांत. नुसतं "बी आहे" ऐकून काहीच कळत नाही.

डोंगरकडा:
ताईंशी सहमत. मला खटकला तो "शांत" शब्द. वापर झाला की मागच्या लायनी (दोऱ्या) आकसतात. पुढच्यांवर भार जास्त असल्याने त्या तेवढ्या आकसत नाहीत. मग विंगचा ट्रिम (हवेतला ठरलेला कोन) बिघडतो, ती मंदावते, आणि हे मंदावणंच नवख्याला शांतपणा वाटतं. खरं तर ती स्टॉलच्या (उचल संपून विंग कोसळण्याच्या) जवळ सरकलेली असते. ग्राउंड हँडलिंगला (जमिनीवर उभं राहून विंग हाताळताना) ओळखू येतं: सारखा वारा असूनही विंग डोक्यावर यायला कुरकुरते, मागेच लटकते, ए रायझर (पुढच्या लायनींचे पट्टे) धरून ठेवावे लागतात. असं दिसलं तर उडूच नका. लायनींची लांबी आणि कापडाची पोरोसिटी (त्यातून हवा किती झिरपते ते) मोजल्याचा ताजा रिपोर्ट मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा.

रानवारा_पुणे:
रिपोर्ट मागितला, "काढून देतो" म्हणालेत. इन्स्ट्रक्टर सर रविवारी विंग बघायला येतायत. बाकी सगळं ठीक निघालं तर पुढे?

थर्मल_ताई:
छान. आधी मैदानात भरपूर हाताळा. ब्रेक किती ओढल्यावर पकडतो, डोक्यावर आल्यावर पुढे किती झेपावते, हे हाताला कळू द्या. शाळेच्या ग्लायडरचा ब्रेक-अंदाज इथे चालणार नाही. पहिली उड्डाणं ओळखीच्या टेकडीवर, सकाळच्या मऊ हवेत, सर रेडिओवर असताना. हार्नेस जुनंच ठेवा, दोन गोष्टी एकदम बदलू नका.

आणि बीरच्या दुपारच्या थर्मलमध्ये (वर उसळणाऱ्या गरम हवेत) या विंगची पहिली ओळख नको. ऑक्टोबरापर्यंत हात बसला नाही तर तिथे सरांना विचारून ओळखीची ए भाड्याने न्या.



डोंगरकडा:
रविवारी सर काय म्हणाले ते इथे नक्की लिहा. मॉडेल आणि साइजही टाका, तीच उडवणारा कुणी ओळखीत असेल तर गाठ घालून देतो.