मदत हवी आहे : कंबर दुखते, पॅच मात्र दंडावर?

आई ७८ वर्षांची, अकोल्याला दादा-वहिनीकडे असते. मणक्याचं जुनं दुखणं. किडनीमुळे वेदनाशामक गोळ्या बंद करून डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच दिलाय, तासाला ५ मायक्रोग्रॅमवाला, एक पॅच सात दिवस. वहिनीला दंडावर लावून दाखवला. मी पुण्यात, त्यामुळे सगळं फोनवरून.

आईला हे मुळीच पटलेलं नाही. "दुखते कंबर अन् चिकटवता दंडाले, हे कायचं औषध?" इतकी वर्षं डायक्लोफेनॅकचं जेल दुखतं तिथेच चोळलं, तेव्हा पॅचही कमरेलाच लावा असा हट्ट. तिला काय उत्तर द्यावं मलाही सुचत नाही.

दुसरं, उन्हाळा. पारा ४४ च्या पुढे, कूलरची दमट हवा, घामाने पॅचची कड सुटते. त्यात आईला रात्री अंगाला तिळाचं तेल आणि गरम पाण्याची पिशवी लागतेच. शेक चालेल? शेजारच्या काकू म्हणतात अर्धा कापून लावा, महाग असतो. वहिनीने ऐकलं नाही, पण का नाही ते कळलं तर बरं.

घरगुती उपाय नकोत, जाणकारांनीच लिहा प्लीज.

प्रतिसाद

फार्मसीत काम करतो, म्हणून लिहितोय. आईंची शंका रास्त आहे. जेलचं औषध बहुतांशी लावलेल्या जागेखालीच काम करतं, रक्तात गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच पोचतं. पॅचचं उलट. त्यातलं औषध त्वचेतून रक्तात उतरतं आणि मेंदू-मज्जारज्जूवर काम करतं, मग दुखणं कुठलंही असो. हेच औषध गिळलं तर यकृत पहिल्याच फेरीत बरंचसं मोडून टाकतं. म्हणून दंडाचा बाहेरचा वरचा भाग, छातीचा वरचा भाग किंवा बाजू, पाठीचा वरचा भाग, यांपैकी कुठेही लावा. कंबर नको. एकदा लावलेल्या जागी पुन्हा तीन आठवडे लावायचा नाही, म्हणजे नुसते दोन दंड आलटून पालटून भागणार नाही.

पॅचवर किंवा आसपास शेक अजिबात नको. उष्णतेने त्वचेतलं रक्ताभिसरण वाढतं, औषध भराभर आत जातं, गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. अंगात ताप असला तरी तोच धोका, लगेच डॉक्टरांना फोन करा. दंडावर पॅच आणि कमरेला पिशवी, हे तसं वेगळं, पण झोपेत पिशवी सरकते. विचारूनच करा.

पॅचच्या जागी तेल, साबण, स्पिरिट काही नको. साध्या पाण्याने धुवून अगदी कोरडी करा. कड सुटली तर मेडिकलमधली पेपर टेप कडेने लावा, पूर्ण निघाला तर नवा पॅच नव्या जागी. कापू नका, कापलेल्यातून औषध किती सुटेल याचा भरवसा नाही.

पहिल्या पॅचचा पूर्ण परिणाम दिसायला तीनेक दिवस जातात. काढल्यावरही त्वचेत औषध उरतं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १२ तास, कधी त्याहून जास्त. झोपेची गोळी चालू आहे का?

प्रतिसाद

अवांतर : मग माझ्या बहिणीचं महागडं कोलॅजेन क्रीमही असंच रक्तात जातं का?

प्रतिसाद

नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू त्वचेच्या वरच्या थरातून फारसे जात नाहीत. ब्युप्रेनॉर्फिन ४६७ च्या आसपास, शिवाय चरबीत विरघळणारं. अखंड कोलॅजेन तीन लाखांच्या घरात. ते वरच बसून त्वचा मऊ ठेवतं. मऊपणासाठी ग्लिसरीनही पुरतं, पण बहिणीला माझं नाव सांगू नका.

धागाकर्ता

खूप आभार. आई रात्री अल्प्राझोलम घेते, ते दुसऱ्या डॉक्टरांनी दिलंय. दादा आत्ताच पॅचवाल्या डॉक्टरांना फोन लावतोय. पाठ चालते म्हटल्यावर आई निम्मी राजी झाली. काढलेला पॅच कचऱ्यात टाकायचा का? घरात तीन वर्षांचा नातू आहे.

प्रतिसाद

उघडा टाकू नका, वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घालून दुमडा, बाळाच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि परत घेतात का ते मेडिकलमध्ये विचारा. नवे पॅचही कुलपात. आणि अल्प्राझोलमचं उत्तर येईपर्यंत आईंना रात्री एकटं झोपवू नका, खूप गुंगी किंवा श्वास मंद वाटला तर थेट हॉस्पिटल.