आर्किया फक्त कठीण जागी राहतात म्हणून वेगळे मानतात का?

रानवारा:
मंडळी एक शंका आहे. आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांबद्दल कुठेही वाचा, उकळते झरे, मिठाची तळी, आम्लाचं पाणी हेच येतं. पण दिसायला तर बॅक्टेरियासारखेच, केंद्रक नाही, आकारही तेवढाच. मग नुसतं राहण्याच्या जागेवरून वेगळा गट केलाय का? तसं असेल तर थर्मस अ‍ॅक्वाटिकस पण गरम झऱ्यातलाच की, तो बॅक्टेरिया कसा काय?

शेवाळ:
जागेचा आणि गटाचा संबंधच नाही. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना केली, तिथून हे सुरू झालं. रायबोसोम प्रत्येक पेशीत लागतोच, प्रोटीन तोच बनवतो, त्यामुळे त्याचा आरएनए फार सावकाश बदलतो आणि कोण कोणाच्या किती जवळचं ते त्यावरून कळतं. तर त्यांनी मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तपासले, म्हणजे सांडपाण्याच्या गाळात, गुरांच्या पोटात वगैरे सापडतात ते, आणि त्यांचा आरएनए बॅक्टेरियाशी जुळेचना. बरेच जण हे मानायला तयार नव्हते. शेवटी १९९० मध्ये वूज, कांडलर आणि व्हीलिस यांनी बॅक्टेरिया, आर्किया आणि केंद्रकवाले असे तीन मोठे गट मांडले. थर्मसचा आरएनए बॅक्टेरियाचा, म्हणून तो तिकडे.

खारफुटी:
+१, आणि फरक फक्त आरएनएत नाही. मला तर पेशीपटल सगळ्यात भारी वाटतं. आपल्या आणि बॅक्टेरियाच्या पटलात फॅटी अ‍ॅसिड असतात आणि ती ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेली असतात, आर्कियात त्याऐवजी आयसोप्रीन या कार्बनी घटकाच्या फांद्या असलेल्या साखळ्या आणि ईथर नावाचा वेगळा बंध, वर ग्लिसरॉलची ठेवणही आरशातल्यासारखी उलटी. ईथर बंध उष्णतेने किंवा आम्लाने सहजी तुटत नाही. काही उष्णताप्रेमी जातींत तर पटलाचे दोन थर आरपार जोडून एकच थर झालेला असतो, त्यामुळे उकळत्या पाण्यातही ते सुटं होत नाही. मिथॅनोपायरस कँडलेरीचा एक प्रकार जास्त दाबाखाली १२२ अंश सेल्सियसला वाढल्याचं जपानी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, म्हणजे आपण उपकरणं निर्जंतुक करायला १२१ अंश वापरतो त्याच्याही वर! पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन, म्हणजे बॅक्टेरियाची भित्तिका ज्याची असते तो पदार्थ, नाही आणि पेनिसिलिन तोच बनू देत नाही, त्यामुळे त्याचाही परिणाम होत नाही.

रानवारा:
अरे वा, खूप आभार दोघांचे. मग साध्या ठिकाणीही असतात म्हणायचं? आणि रोगबिग करतात का?

शेवाळ:
असतात म्हणजे भरपूर. समुद्राच्या खोल पाण्यात ते प्रचंड संख्येने आहेत, थंडगार पाण्यात, अमोनियाचं नायट्राइट करून जगतात. त्यातला नायट्रोसोप्युमिलस तर मत्स्यालयाच्या टाकीतून वेगळा केला, २००५ मध्ये. मातीतही आहेत, आपल्या आतड्यातही मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी असतो. कठीण जागा जास्त गाजल्या कारण तिथे दुसरं फारसं कोणी टिकत नाही, मग हेच नजरेत भरतात. रोगाचं म्हणाल तर माणसाला रोग करतोच असा एकही आर्किया अजून सिद्ध झालेला नाही.

खारफुटी:
रानवारा, अजून एक वाचाच, अ‍ॅसगार्ड आर्किया. २०१५ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळाच्या गाळातून नुसत्या डीएनएवरून या गटातले लोकीआर्किया कळले आणि त्यांच्यात जीन निघाले ते केंद्रकवाल्या पेशींत असतात तसले, पेशीचा सांगाडा बनवणारे वगैरे. म्हणजे झाडं, बुरशी, आपण, सगळ्यांच्या पेशीचा पूर्वज या आर्कियांच्याच घरातला असावा असं आता बहुतेकांचं मत आहे. नंतर जपानी गटाने १२ वर्षं खपून एक जात प्रयोगशाळेत वाढवली, २०२० ला नेचरमध्ये आलं. ती दुप्पट व्हायला दोन ते साडेतीन आठवडे घेते आणि तिला मिथेन बनवणारा दुसरा आर्किया सोबत लागतो, तिने सोडलेला हायड्रोजन तो खातो. तिचे फोटो बघा, पेशीतून लांब फाटे फुटलेले दिसतात, आणि असल्याच फाट्यांनी एखाद्या बॅक्टेरियाला वेढून आत घेतलं आणि त्याचं पुढे मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारा भाग, झालं असावं असा त्या गटाचा अंदाज आहे.